काजळीची भूक

मारोतराव आस्वले भाजी घेऊन घरी आले तेव्हा खाटेवर शशिकला नव्हती. मोरीत नव्हती, स्वयंपाकघरातही नव्हती. कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं आणि त्याच्यावर जुनी चादर पांघरून ठेवलेली होती. पिशवी दारातच टाकून ते घाईघाईने अंगणात आले, तेव्हा वरून आवाज आला, येताना कपड्यांचे चिमटे घेऊन या म्हणून. शशिकला गच्चीवर होती. पिळलेल्या कपड्यांची बादली स्वतः उचलून ती जिना चढली होती आणि एकेक कपडा झटकून दोरीवर टाकत होती.

मारोतराव चिमट्यांचा डबा घेऊन वर गेले. तिला धाप लागलेली नव्हती. कपडे वाळत घालून झाले तरी ती लगेच खाली आली नाही. कठड्याला टेकून वीजकेंद्राच्या चिमणीकडे तोंड करून निवांत उभी राहिली. गेली सात वर्षं खाटेपासून मोरीपर्यंत जाताना मध्ये स्टुलावर बसावं लागणारी ही बाई. मारोतरावांना भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून ते रिकामी बादली घेऊन खाली उतरले.

पिपरी ही कोळशाच्या खाणीमुळे वसलेली वस्ती. कामगारांच्या चाळी, त्यांच्या मागे मालगाडीत कोळसा भरायची सायडिंग, आणि सायडिंगच्या पलीकडे जुनं वीजकेंद्र. देशभरातली अशी वीजकेंद्रं एकेक करून बंद होत होती. उन्हापासून वीज बनवणारी पत्र्यासारखी चकाकती शेतं चंद्रपूरच्या रस्त्यावरही पसरली होती. पिपरीचा एक संच मात्र अजून धुमसत होता. मारोतरावांची सगळी नोकरी जमिनीखाली, खाणीत गेली, तरी त्यांची छाती ठणठणीत राहिली. छाती गेली ती शशिकलाची, जी खाणीत कधी उतरलीच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून बिनखिडकीच्या खोलीत, दगडी कोळशाच्या सिगडीवर तिने सासू, दीर, नणंदा यांचा स्वयंपाक केला. गॅस आला तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आधी नुसता खोकला होता, मग चढावर दम लागू लागला, मग सपाटीवरही. डॉक्टरांनी सीओपीडी असं नाव सांगितलं आणि समजावलं, की फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, ते सैल पडून एकमेकांत फाटत गेलेत. आत गेलेली हवा बाहेर पडायलाच तयार नाही. त्यानंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची घरघर दिवसभर चालायची. नाकातली लांब नळी तिच्यामागे घरभर फिरायची आणि मारोतराव तिच्यात अडखळायचे. वीज गेली की सिलिंडरची धावपळ. फोडणीचा ठसका तिला सोसत नव्हता, म्हणून घरात फोडणी बंद झाली. मारोतराव वरण शिजवून त्यावर कच्चं तेल घालायला शिकले. अगरबत्ती बंद झाली, लग्नकार्यं बंद झाली. ती उशी पोटाशी धरून बसल्या बसल्या झोपायची. बोलताना तिचं वाक्य अर्ध्यात तुटायचं, म्हणून हळूहळू तिने बोलणंच कमी केलं. कुणी तिला काही विचारलं की मारोतरावच उत्तर द्यायचे. मुलीचा फोन आला तरी, आईला काय वाटतं ते तेच सांगायचे.

मग जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टर सुकेशिनी रामटेके यांनी नव्या उपचाराबद्दल विचारलं. खाणीतून उपसलेल्या मातीचे जे डोंगर पिपरीच्या भोवती उभे आहेत, त्यांतल्या कोळशाच्या चुऱ्यावर एक बुरशी वाढताना सापडली होती. प्रयोगशाळेत तिच्यात फेरफार करून तिला माणसाच्या फुप्फुसात राहता येईल, पण माणसाच्या पेशींना ती हात लावणार नाही, अशी घडवली होती. काजळीचे कण शरीराला पचत नाहीत. ते आयुष्यभर तिथेच पडून राहतात आणि सूज धरून ठेवतात. ही बुरशी ते कण विरघळवून खाते आणि खाता खाता श्वासनळ्या सैल करणारा एक रस सोडते. वाफाऱ्यातून एकदाच घ्यायची. कागदोपत्री तिचं नाव काजळभक्षी होतं. वस्तीतल्या बायकांनी तिला झाडूवाली म्हणायला सुरुवात केली.

मारोतरावांनी तेव्हा एकच शंका काढली होती. काजळी संपल्यावर ही झाडूवाली काय खाणार?

"काहीच नाही, काकाजी. उपाशी मरणार," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तिला बंद करायची व्यवस्था तीच आहे. वेगळं औषध लागत नाही."

पहिले काही आठवडे शशिकलाच्या थुंकीतून काळं पाणी पडलं, मग करडं, मग स्वच्छ. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्यावरचे आकडे वर चढत गेले. आणि आता ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

तिला पहिल्यांदा काय करावंसं वाटतं असं मारोतरावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, चिखलदऱ्याला जायचं. मुलगी प्रणाली तिकडे वनखात्यात होती, तिचा संसार तिथेच होता आणि तिला पाचवा महिना लागला होता. लग्नानंतर आईने तिचं घर एकदाही पाहिलेलं नव्हतं. परतवाड्यापासून घाट सुरू झाला तशी शशिकला खिडकीला नाक लावून बसली. मारोतरावांना वाटलं, इतकी चांगली हवा तिच्या छातीला प्रथमच मिळते आहे.

पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दरीच्या बाजूला फिरायला निघाली. धुकं होतं, साऱ्या झाडांवरून पाणी ठिबकत होतं. चालता चालता शशिकला थांबली. पाठीमागून कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, असं ती म्हणाली. घरी येईपर्यंत तिचे ओठ निळसर झाले. गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, फवारा दिला, इंजेक्शन दिलं, पण छातीतली शिट्टी कमी होईना. तिला अमरावतीला न्यायचं ठरलं. रुग्णवाहिका घाटात एका चहाच्या टपरीपाशी थांबली, कारण समोर वळणावर लाकडाचा ट्रक अडकला होता.

टपरीवर ओली लाकडं पेटवली होती आणि धुराचा लोट रस्त्यावर येत होता. मागचं दार उघडून मारोतराव पाणी घ्यायला उतरले. वळून पाहतात तो शशिकला स्वतःच्या हाताने मास्क काढून खाली उतरली होती. ती चालत चुलीपाशी गेली, उकिडवी बसली आणि धुरात तोंड घातलं. चहावाला घाबरून तिला मागे ओढू लागला, तर तिने हाताने त्याला थांबवलं. दोन-चार श्वास तिने असे घेतले, जसं तहानलेला माणूस पाणी पितो. मग तिचे खांदे खाली आले. ओठांचा रंग परतला.

रुग्णवाहिकेत सोबत आलेली प्रणाली हे सगळं पाहत होती. आईला काय झालं असं तिने बाबांना विचारलं, पण यावेळी आईच्या वतीने द्यायला मारोतरावांकडे उत्तर नव्हतं.

"इथं बरं वाटलं मले," शशिकला डोळे पुसत म्हणाली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून काही विशेष नाही असं सांगितलं. उंचीमुळे झालं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. पिपरीला परतल्यावर स्टँडवर उतरताच, सायडिंगची करडी हवा अंगावर आली आणि शशिकला मोकळेपणाने हसली.

त्यानंतर मारोतराव पाहू लागले. तिने माळ्यावरची जुनी सिगडी काढून घासली. गॅसवर भाकरीला चव नाही म्हणाली. फोडणी पुन्हा सुरू झाली होती, पण ती आता मोहरी करपेपर्यंत थांबायची आणि कढईवर वाकून उभी राहायची. शेजारच्यांनी पाचोळा पेटवला की ती काहीतरी निमित्त काढून अंगणात जायची. आणि रोज दुपारी भांडी आवरली की सायडिंगकडे फिरायला जायची. फिरणं चांगलंच, म्हणून त्यांनी अडवलं नव्हतं. एके दिवशी ते तिच्यामागून गेले.

सायडिंगजवळ नाल्यावर लहान पूल आहे. त्याच्या कठड्यावर बायका बसल्या होत्या. मारोतरावांना त्या सगळ्या माहीत होत्या. छबूताई पिंपळशेंडे, तिची जाऊ, चाळीतली गेडामबाई, आणखी कितीतरी. प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी ते मशीन घरघरत होतं आणि प्रत्येकीने डॉक्टर रामटेके यांच्याकडून झाडूवाली घेतली होती. शशिकला जाऊन त्यांच्यात बसली. बोलणं असं काही चाललेलं नव्हतं. पंगतीला वाढप होईपर्यंत लोक बसतात तशा त्या बसल्या होत्या.

मग लोडरने मालगाडीच्या वाघिणीत कोळसा ओतला. काळा ढग उठून पुलावर आला. खाणीत आयुष्य काढलेल्या मारोतरावांचा हात सवयीने गमछ्याकडे गेला आणि त्यांनी नाक बांधलं. कठड्यावरच्या एकाही बाईने पदर तोंडाला लावला नाही. सगळ्यांनी चेहरे वर केले आणि सावकाश श्वास आत घेतला. ढग बसेपर्यंत त्या तशाच होत्या. मग छबूताईने मारोतरावांना पाहून नमस्कार केला आणि शशिकलाला म्हणाली, तुझा मालक आला.

ते दुसऱ्याच दिवशी शशिकलाला घेऊन डॉक्टर रामटेके यांच्याकडे गेले. चिखलदऱ्याची गोष्ट, चूल, पूल, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. दवाखान्यात एक काचेची खोली होती, जिच्यातली हवा पूर्ण गाळून घेतलेली असते. शशिकलाला तिच्यात बसवलं. सुरुवातीला ती आरामात बसली होती. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिला धाप लागली आणि ती काच वाजवू लागली. डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं, कोळशाच्या शुद्ध पुडीचा अगदी थोडा फवारा दिला, आणि धाप उतरली.

शशिकला बाहेरच्या बाकावर विसावल्यावर डॉक्टरांनी मारोतरावांना आत बोलावलं. असे आणखी रुग्ण आपल्याकडे आले आहेत हे त्यांनी लपवलं नाही.

मारोतरावांनी विचारलं, "म्हणजे त्या बुरशीला अक्कल आहे? ती हिले धुराकडं ओढून राहिली?"

"अक्कल नाही, काकाजी. तेच तर भीतीचं आहे. काजळी संपत आली तेव्हा कोट्यवधी बुरश्या मेल्या, जशा मरायला हव्या होत्या. पण त्यांच्या पिढ्या तासातासाला बदलतात. त्यांत काही अशा निघाल्या, की उपाशी राहिल्यावर त्यांच्यातून नळ्या आवळणारा रस बाहेर पडायचा. निव्वळ चूक होती ती. पण त्या चुकीमुळे माणसाला दम लागला, माणूस जिथे बरं वाटेल तिथे गेला, आणि तिथे धूर होता. म्हणून त्या जगल्या. बाकीच्या संपल्या. आता सगळ्यांच्या छातीत त्याच आहेत."

मारोतरावांनी बुरशी मारायचं औषध आहे का ते विचारलं. होतं. पण बुरशी गेली की नळ्या सैल ठेवणारा रसही जाणार होता. फाटलेले फुगे काही शिवले गेलेले नव्हते. शशिकला पुन्हा खाटेवर आणि नळीवर जाणार, कदाचित आधीपेक्षा वाईट, कारण या महिन्यांत तिने पुष्कळ धूर आत घेतला होता. मग रोज मोजून थोडी पूड द्यावी, असं मारोतरावांनी सुचवलं. तेही करून पाहिलं होतं. खायला मिळालं की बुरशी वाढते, आणि वाढली की जास्त मागते.

डॉक्टरांनी वर कळवलं होतं. स्वतःच्या दवाखान्यात नव्या कुणाला ती देणं त्यांनी थांबवलं होतं, पण मोठ्या शहरांत हजारो लोकांनी ती घेतलेली होती. एका शहरात जळत असलेला कचऱ्याचा डेपो विझवायला गेलेल्या बंबांना लोकांनी अडवल्याची बातमी मारोतरावांनी आठवड्यापूर्वीच ऐकली होती. तेव्हा त्यांना त्याचा अर्थ लागला नव्हता.

निघताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, हे एकाचं दुसऱ्याला लागतं का. आतापर्यंत तसं आढळलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मग थोडं थांबून त्यांनी पुढे जोडलं, की आतापर्यंत कुणी नीट शोधलेलंही नाही.

घरी आल्यावर मारोतरावांनी शशिकलाला सगळं सांगितलं. काहीच दडवलं नाही. ती सिगडीपुढे बसून ऐकत होती. फुंकणीने निखाऱ्यावर हळूहळू फुंकर मारत होती. त्यांचं सांगून झाल्यावर तिने एवढंच सांगितलं, की ते औषध मी घेणार नाही.

मारोतरावांना राग आला. तो तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावर. "हे तू बोलून राहिली, की तुह्या छातीतली ते बोलून राहिली?"

शशिकलाने फुंकणी खाली ठेवली.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "पण सात वर्षं माह्या तोंडून तुम्हीच बोलत होते. तवा कोणी विचारलं का, हे शशिकला बोलून राहिली की तिचा नवरा? आता निदान माह्या दमानं तरी बोलतो मी. कोणाचंही असो."

सात वर्षं मारोतरावांनी तिचं सगळं केलं होतं. तिला आंघोळ घातली, तिची थुंकी पुसली, तिच्यासाठी बेचव जेवले. यातलं तिने काही नाकारलं नव्हतं. पण त्या वर्षांत ती कुठे होती, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, तेही खरं होतं.

थोड्याच दिवसांनी प्रणालीचा फोन आला. बाळंतपणाला माहेरी यायचं ती ठरवत होती. शशिकला शेजारच्या खोलीत होती. बाळाच्या दुपट्यांसाठी तिने जुनी लुगडी फाडून ठेवली होती, हे मारोतरावांना माहीत होतं. पण बाळाला हे लागलं तर, या भीतीने त्यांनी मुलीला सांगितलं, की इकडे येऊ नको. कारण विचारल्यावर, पिपरीत तापाची साथ आहे असं खोटंच सांगितलं. आणि आईलाही तिकडे पाठवता येणार नाही, असंही सांगून टाकलं. प्रणाली रडली. फोन ठेवून ते वळले तर दारात शशिकला उभी होती. पुन्हा एकदा तिच्या वतीने ते बोलून बसले होते. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली. जेवण वाढून ठेवायची आणि पुलाकडे निघून जायची.

याच सुमाराला पिपरीचं वीजकेंद्र बंद करायचा प्रस्ताव आला. लोकांची मतं ऐकायला जनसुनावणी ठेवली होती. हे व्हावं म्हणून मारोतरावांच्या पिढीने मोर्चे काढले होते, अर्ज दिले होते. नळाच्या पाण्यावर राख तरंगायची, मुलांचे डोळे लाल व्हायचे, तेव्हाच्या या गोष्टी. बंद व्हायला आता कुणाचा विरोध असेल असं सरकारलाही वाटलं नव्हतं. कामगारांना उन्हाच्या शेतांवर नोकऱ्या द्यायचं ठरलं होतं.

सुनावणी नव्या सभागृहात होती. दारं बंद, आत थंड हवा, भिंतींत हवा गाळणारी यंत्रं. सुनावणी घेणारे अधिकारी तरुण आणि सौम्य होते. पहिल्यांदा एक शिक्षक बोलले, बंद करा म्हणाले. मग छबूताई उठली. ती आयुष्यात माईकपुढे उभी राहिली नव्हती. चिमणी राहू द्या, एवढंच ती म्हणाली. का, असं अधिकाऱ्यांनी विचारल्यावर म्हणाली, सवय आहे. तिच्यामागून गेडामबाई उठली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीचं म्हणणं तेच आणि तेवढंच. बोलून झालं की प्रत्येक बाई घाईने सभागृहाबाहेर जात होती. अधिकाऱ्यांना वाटलं, बाया लाजताहेत. त्यांच्यानंतर काही पुरुषही उठले आणि तेच म्हणाले. त्यांतल्या दोघा-तिघांनी झाडूवाली घेतलेलीच नव्हती. मारोतरावांना ते पक्कं माहीत होतं. त्यांच्या बायकांनी घेतली होती.

मारोतराव सगळं सांगायचं ठरवून आले होते. डॉक्टर रामटेके यांनी त्यांना तसा निरोपही पाठवला होता, की त्या स्वतः येतील, पण वरून परवानगी मिळाली नाही तर काकाजी, तुम्ही बोला. डॉक्टर आल्या नव्हत्या. मारोतरावांचं नाव पुकारलं गेलं. ते उठून माईकपाशी गेले आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

पाठीमागून कुणीतरी पट्टा आवळला.

त्यांना वाटलं, इतक्या लोकांपुढे उभं राहिल्याने असेल. त्यांनी दोन वाक्यं बोलून पाहिली. पट्टा आणखी आवळला गेला. छातीत बारीक शिट्टी वाजू लागली, आणि ती शिट्टी त्यांना ओळखीची होती. सात वर्षं शेजारच्या उशीवरून त्यांनी ती ऐकली होती. माफ करा असं हाताने खुणावत ते बाजूच्या दाराने व्हरांड्यात आले. समोर चिमणीचा धूर वाऱ्याने खाली दबून वस्तीवर उतरत होता. त्यांनी श्वास घेतला. तो आत गेला, आणि मोकळा झाला. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

व्हरांड्यात शशिकला खांबाला टेकून उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जसा ते तिच्या पाठीवर ठेवायचे.

"तुम्हाले पण?" ती म्हणाली.

मारोतरावांनी मान हलवली. आतून पुन्हा त्यांचं नाव पुकारलं गेलं. शशिकलाने हात काढून घेतला. जा म्हणाली नाही, आणि जाऊ नका असंही म्हणाली नाही. ते आत गेले.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. दम पुरेल तेवढेच तुकडे ते बोलत गेले. बुरशी कुठून आली ते सांगितलं. शशिकला गच्चीवर चढली तो दिवस सांगितला. चुलीपुढे बसलेली शशिकला सांगितली, काचेची खोली सांगितली. आत्ता ज्या बाया चिमणी राहू द्या म्हणून गेल्या त्या खोटं बोलत नाहीत, चिमणी विझली तर त्यातल्या कित्येकींचा जीव जाईल, हे सांगितलं. आणि चिमणी राहिली तर गावात पुढे जन्माला येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत हे शिरेल, आणि मग धूर नको असं म्हणणारं माणूसच गावात उरणार नाही, हेही सांगितलं. शेवटी आपला स्वतःचा श्वास आत्ता का तुटतो आहे, तेही त्यांनी सांगितलं. मागच्या ओळीतले दोघं-तिघं उठून गुपचूप बाहेर गेले.

अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता, पण ते टाळत नव्हते. डॉक्टरांचा जबाब मागवू, असं त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. मग माईक पुढे ओढून ते आदराने म्हणाले, "आस्वलेजी, तुमचं बोलणं मी जसंच्या तसं पुढे पाठवीन. पण तुम्ही या गावचे जुने रहिवासी आहात. तुमचं मत काय लिहून घेऊ? बंद करा, की चालू ठेवा?"

मारोतरावांनी दाराकडे पाहिलं. शशिकला दार उघडं धरून उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्यामागे व्हरांडाभर बायका. उघड्या दारातून बाहेरची हवा आत येत होती. मारोतरावांच्या छातीवरचा पट्टा सैल होऊ लागला. एक अख्खं वाक्य बोलण्याएवढा श्वास आता त्यांच्याकडे जमा झाला होता. त्यांचे ओठ हलले.

पण जे वाक्य बाहेर येणार होतं, ते मारोतरावांचं असणार होतं का?